म्हैसासुराच्या घरची सून

उंबरमेटात वर्षातून एकदा, चैत्रातल्या बोहाड्याच्या, म्हणजे देवादिकांच्या सोंगांच्या जत्रेच्या, शेवटच्या सकाळी, म्हैसासुर राज्य करतो. राज्य अर्ध्या दिवसाचंच, पण करतो ते रुबाबात. शिंगांचा लाकडी मुखवटा चढवून तो राजा वाजतगाजत गल्लीगल्लीतून फिरतो, आणि ज्याच्या दारात थांबेल त्यानं त्याच्या पाया पडायचं. त्यानं सरपंचाची खुर्ची मागितली तर खुर्ची द्यायची, कोंबडा मागितला तर कोंबडा. मागायचं मात्र बोट दाखवून, कारण मुखवटा चढला की सोंगानं बोलायचं नाही असा नेम आहे. मग दुपार व्हायच्या आत देवळापुढच्या रिंगणात देवी त्याला मारते आणि गाव जेवायला बसतं.

देवीचं सोंग धोंडीरामच्या घरचं, राजाचं सोंग रंगनाथच्या घरचं. किती पिढ्यांपासून, ते कोणालाच ठाऊक नाही. म्हाताऱ्यांना विचारलं तर "लय जुनं हाय" एवढंच सांगतात. एका गावात राहून, बांधाला बांध लावून भात पिकवून या दोन घरांनी कधी आपसात सोयरीक केली नव्हती. देवीच्या घरची लेक राक्षसाचा उंबरा ओलांडत नाही. हा नेम कोणी लिहून ठेवला नव्हता आणि कोणी मोडलाही नव्हता.

तो पूजानं मोडला. धोंडीरामची ही एकुलती एक लेक. घोटीच्या कॉलेजात जाता-येता रंगनाथच्या अमोलशी तिचं जमलं, आणि दोघांनी नाशिकला जाऊन नोंदणी करून लग्न केलं. अमोल ओझरला एका वर्कशॉपात फिटर होता. तिथंच दोन खोल्यांत त्यांनी संसार मांडला. रंगनाथनं महिनाभर कपाळाला आठ्या घातल्या आणि मग सुनेला साडी पाठवून दिली. धोंडीरामनं काहीच केलं नाही. लेकीचं नाव घेणं तेवढं सोडलं.

गावानं धोंडीरामला त्याचा राग आणि त्याचं दुःख करू दिलं असतं, तर कदाचित पुढचं घडलंही नसतं. पण गाव हसलं. गावाला हसायला काय लागतं. लग्नानंतरच्या पहिल्याच बोहाड्यात धोंडीराम देवी होऊन तलवार परजत रिंगणात उतरला, समोर रंगनाथ राजा होऊन उभा, आणि ऐन तिसऱ्या फेऱ्याला गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "आई, व्याह्याला जपून मार गं." सगळं रिंगण पोट धरून हसलं. मुखवट्याआड रंगनाथलाही हसू आवरलं नाही. त्याचं पोट गदगदलं ते समोरच्या देवीनं पाहिलं. पुढचे तीन दिवस धोंडीराम अन्नाला शिवला नाही. त्याच्या बायकोनं, भागीबाईनं, ताटं वाढली आणि तशीच उचलली.

यंदा रंगनाथच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. काठी टेकत अंगणात फिरायचा, नाचणं शक्यच नव्हतं. घरचा मान घरातच राहायचा तर अमोलला यावं लागणार होतं. पंच चिंतेत पडले. दोन वर्षं हा पोरगा गावात फिरकला नव्हता आणि तो फिरकू नये असंच धोंडीरामला वाटतं हे सगळ्यांना माहीत होतं. पण धोंडीराम आपणहून देवळात आला आणि पंचांसमोर म्हणाला, "येऊ द्या पोराला. देवीपुढं भांडण कसलं." पंचांना हायसं वाटलं. कोणी त्याच्या डोळ्यांत फार वेळ बघितलं नाही.

त्याच संध्याकाळी त्यानं ओझरला फोन लावला. पूजा पोळ्या लाटत होती. "पूजे, मी आबा बोलतोय. बोहाड्याला ये. जावयाला घेऊन ये." एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला. तव्यावरची पोळी करपली तरी पूजा तशीच उभी होती. दोन वर्षांत तिनं माहेरच्या नंबरावर किती फोन केले असतील आणि किती कट झाले असतील, त्याची गणती नव्हती. आज बापाच्या तोंडून 'जावई' ऐकलं आणि ती ओट्याला टेकून रडली.

अमोलचं मन तयार नव्हतं. "मला काही बरं वाटत नाहीये," तो म्हणाला. "तुझे आबा इतक्या सहज..."

"तुला माझं माहेर नकोच आहे," पूजा म्हणाली आणि दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं सुट्टीचा अर्ज टाकला. ही टोचणी तिला पुढे जन्मभर पुरणार होती.

दोघं उंबरमेटात आल्यावर रंगनाथनं तीन दिवस अंगणात खुर्ची टाकून पोराला सोंग शिकवलं. पूजा स्वयंपाकघराच्या दारातून बघायची आणि मध्येच चुका काढायची, कारण या झुंजीतलं पाऊल न् पाऊल तिला पाठ होतं. लहानपणी आबा घरच्या अंगणात सराव करायचे तेव्हा समोर राक्षस म्हणून तीच असायची. परातीची ढाल करून उभी राहायची आणि आबा काठीनं त्या परातीवर वार करायचे. डावं पाऊल पुढं, ढालीच्या वरच्या काठावर वार. उजवं पाऊल, पुन्हा वरच्या काठावर. मग गिरकी आणि मधोमध तिसरा. असे तीन फेरे. शेवटी तलवार मानेला नुसती टेकवायची की राजा पडतो. देवी त्याच्या छातीवर पाय ठेवते आणि संबळ थांबतो. "ढालीच्या खाली कधी नाय मारायचं, पूजे," आबा सांगायचे. "खाली माणूस असतो."

शेवटच्या सकाळी ती माहेरी गेली. देवीचं सोंग चढताना बायकांनी बघायचं नसतं, म्हणून ती मागच्या दारानं शिरली. भागीबाई मोरीपाशी बसली होती. शेजारी धार लावायचा दगड पडला होता, ओला. दुपारी बकरं कापायचं असतं, पूजाला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती आईच्या पाया पडली. भागीबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो उचलायलाच विसरली.

"माय, कशी आहेस?"

"बरी हाय." भागीबाई जमिनीकडं बघत होती. "नवऱ्याला म्हणावं..."

"काय म्हणू?"

आतल्या खोलीतून धोंडीराम खाकरला. भागीबाईनं हात काढून घेतला. "काय नाय. ऊन लय हाय म्हणावं. पाणी पिऊन जा."

त्या बाईला सगळं माहीत होतं. तीस वर्षं नवऱ्याच्या खाकरण्यावर उठणाऱ्या-बसणाऱ्या बाईच्या तोंडून त्या सकाळी चार शब्द निघाले असते तर बरं झालं असतं. ते निघाले नाहीत, आणि त्याबद्दल तिला माफ करावं असं निदान आम्हाला तरी वाटत नाही.

राजाची फेरी मात्र झकास झाली. अमोलला सोंग शोभत होतं. मुखवटा मागून सुतळीनं घट्ट बांधलेला, बघायला फक्त नाकपुड्यांची दोन भोकं. तरी गडी ठेक्यात चालत होता. त्यानं सरपंचाचा गॉगल मागून घेतला आणि शिंगाला अडकवला. बापाच्या दारात आल्यावर बापाच्या काठीकडं बोट दाखवलं. रंगनाथनं काठी दिली, राजानं ती कपाळाला लावून परत केली, तेव्हा म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग राजा सुनेपुढं थांबला आणि त्यानं पूजाकडंच बोट दाखवलं. बायका खो खो हसल्या. पूजानं पदरानं तोंड झाकलं. इतकी खुशीत ती दोन वर्षांत नव्हती.

रिंगणाभोवती अख्खं गाव आणि शिवाय घोटीकडचे पाहुणे जमले होते. निम्म्यांचे हात मोबाइल धरून वर. आतल्या बाजूला तरण्या पोरांचं कडं, हातांत आडव्या काठ्या. राजानं झुंजीत पाय मागं घ्यायचा नसतो. तो मागं सरला की काठ्यांनी ढकलून त्याला पुन्हा आत लोटायचं, हे त्या पोरांचं काम. देवळाचा गुरव कुंकवाच्या पाण्याची बादली घेऊन बसला होता. वार झाला की तो वाटी भरून राजाच्या अंगावर फेकतो, म्हणजे लांबून बघणाऱ्याला रक्त वाटतं.

देवी आली. लाल लुगडं, लाल मुखवटा, कमरेला घुंगरांचा पट्टा. बायकांनी हात जोडले. संबळ आणि पिपाणी एकदम चढली.

पहिला फेरा बरोबर झाला. डावं पाऊल, उजवं पाऊल, गिरकी. पूजा मनातल्या मनात मोजत होती. फक्त आवाज तिला खटकला. बोथट तलवार कातड्याच्या ढालीवर पडली की धप्प वाजते. आज तिसऱ्या वाराला आवाज झालाच नाही, तलवार ढालीत रुतली आणि देवीनं ती ओढून काढली.

दुसऱ्या फेऱ्याला देवीनं उजवं पाऊल आधी टाकलं. आबा पाऊल चुकत नाहीत. तापानं फणफणलेले असतानाही ते चुकले नव्हते. तेवढ्यात तलवार ढालीच्या खालून गेली आणि अमोलच्या मनगटावर बसली. ढाल खाली लोंबली. गुरवानं वाटी फेकली. गावानं आरोळी दिली.

अमोल क्षणभर नुसता उभा राहिला. मुखवट्याच्या भोकांतून तो आपल्याच हाताकडं बघत असावा. मग तो मागं सरला. पोरांनी काठ्या लावून त्याला आत लोटलं. तो पुन्हा मागं आला, एका पोराची काठी धरून काही सांगायला लागला. पण जाड लाकडाआडून आणि संबळाच्या कल्लोळात काय ऐकू जाणार. पोरांना वाटलं, शहरात राहून गडी भारी सोंग करायला शिकलाय. त्यांनी हसत हसत त्याला जोर लावून ढकललं, आणि तो थेट देवीच्या तलवारीसमोर गेला. या वेळचा वार मांडीत बसला. राजा एका गुडघ्यावर आला.

"आबा, थांबा," पूजा किंचाळली. "खरं मारताहेत. धार लावलीय तलवारीला. थांबवा रे कोणीतरी."

ती गर्दी फोडत पुढं निघाली. बाजूच्या बाईनं दंड धरला, तो तिनं हिसडला. अंबाडा सुटून केस तोंडावर आले, पदर खांद्यावरून गेला, आणि घशातून निघणारा आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. मग गावातली सगळ्यांत म्हातारी, लंकाबाई, हात जोडून म्हणाली, "हिच्यात वारं आलं गं. देवीच्याच घरची लेक ती. कुंकू आणा."

"वारं नाही, लंकाआजी. माझ्या नवऱ्याला मारताहेत."

"हो आई, हो," लंकाबाईनं तिच्या कपाळभर कुंकू थापलं. "मारायचंच हाय राक्षसाला. शांत हो." दोन बायका तिच्या पायांवर पाणी ओतायला लागल्या. पूजानं एकीला ढकललं, दुसरीला लाथ बसली. त्या पडल्या पडल्याच पाया पडल्या. जितकी ती ओरडत होती तितकी बायकांची खात्री पटत होती. रिंगणात बाईनं पाऊल टाकायचं नसतं. पण अंगात आलेल्या बाईला अडवायचंही नसतं. म्हणून कडं धरलेल्या पोरांनी काठ्या खाली घेतल्या आणि तिला वाट दिली.

तोवर तिसरा फेरा सुरू झाला होता. मानेला टेकवायची ती तलवार वरून खाली आली आणि मान आणि खांदा यांच्यामध्ये रुतली. अमोल आडवा पडला. शिंग जमिनीवर आपटून मोडलं, गॉगल उडाला. गुरव वाटी भरून उठला आणि तसाच थांबला. कुंकवाचं पाणी त्यानं अजून फेकलंच नव्हतं, आणि माती लाल होत चालली होती.

देवीनं तलवार दोन्ही हातांनी वर उचलली. पूजा मध्ये जाऊन पडली. अमोलच्या अंगावर पाठ टेकवून ती वर बघत राहिली. तिच्या डोक्यावर ती तलवार, त्यामागं लाल मुखवटा, आणि मुखवट्याच्या भोकांत दोन डोळे. ते डोळे तिच्या ओळखीचे होते. त्या क्षणी तिला कळलं की देवीबिवी काही आलेली नाही, आबा पूर्ण शुद्धीवर आहेत, आणि त्यांनी तलवार खाली आणली तरी गाव हातच जोडणार आहे. देवीनं मारलं म्हणून दोन प्रेतांना हळदकुंकू वाहतील आणि कोणावर बोट उठणार नाही. यासाठीच त्यांनी फोन केला होता. 'जावयाला घेऊन ये' म्हणाले होते.

तलवार वरच थांबली.

"सरक, पूजे," देवी म्हणाली.

जवळ उभ्या संबळवाल्यानं ते ऐकलं. त्याचे हात थांबले. पिपाणी एकटीच थोडी वाजली आणि तीही बंद पडली. चारशे माणसांत चिडीचूप झालं, आणि त्या शांततेत धोंडीराम पुन्हा बोलला, या वेळी रडत, "सरक ना पोरी. तुला नाय मारायचं मला."

सोंग कधी बोलत नाही. आणि देवी कोणाची पोर ओळखत नाही. तिच्यापुढं सगळेच सारखे. हे उंबरमेटातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. संबळवाला म्हणाला, "ही आई नाय. हा धोंडीराम हाय."

पहिली काठी रंगनाथची. गुडघ्याचं दुखणं विसरून तो म्हातारा लंगडत रिंगणात आला आणि त्यानं ती धोंडीरामच्या हातावर घातली. तलवार पडली. मग कड्यावरची पोरं धावली. ज्यांनी अमोलला ढकलून ढकलून तलवारीखाली लोटलं होतं, तीच. आपल्या हातून काय झालं ते त्यांना नुकतंच कळलं होतं, आणि त्याचा सगळा राग त्यांनी त्या लाल लुगड्यावर काढला. देवीचं नाव घेऊन फसवलं म्हणून एकेक जण शिव्या देत मारत होता. दोन वर्षांपूर्वी व्याह्याला जपून मार म्हणून ओरडलेला माणूसही त्यांत असणार. मुखवटा फुटला, लुगडं फाटलं, घुंगरांचा पट्टा तुटून घुंगरं मातीत विखुरली.

पूजानं यातलं फार थोडं पाहिलं. तिनं अमोलच्या मुखवट्याच्या सुतळ्या दातांनी तोडल्या, मुखवटा ओढून काढला. त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता, ओठ हलत होते. पदराचा बोळा करून तिनं तो खांद्यावरच्या जखमेत दाबला आणि दोन्ही हातांचा भार त्यावर दिला. "जीप आणा," ती म्हणाली, आणि सरपंच स्वतः किल्ली घेऊन पळाला. तिचा शब्द आता कोणी मोडणार नव्हतं. अमोल वाचला हे इथंच सांगून टाकलेलं बरं. घोटीत टाके पडले, नाशिकला रक्त चढलं, दोन महिन्यांनी तो कामावर गेला. डावा हात खांद्याच्या वर जात नाही, एवढंच.

भागीबाई रिंगणात आली ती सरपटतच. तिनं लेकीचे पाय धरले. "पूजे, मारून टाकतील त्यांला. तू सांग. तुझ्यात आई आलीया म्हणत्यात सगळे, तुझं ऐकतील. एक शब्द बोल गं."

लंकाबाईलाही ते सुचलं असावं. तिनं काठ्या थांबवायला लावल्या आणि पूजापुढं येऊन ती गुडघ्यांवर बसली. वारं आलेल्या बाईला प्रश्न विचारायचा, ती देईल ते उत्तर मानायचं, आणि ती गप्प राहिली तर चाललंय त्याला तिची हरकत नाही असं समजायचं, ही गावाची रीत.

"आई," लंकाबाई म्हणाली, "ह्याला सोडायचं का?"

सगळे थांबले होते. पोरांच्या पायांमधून पूजाला आबा दिसले. एक डोळा सुजून मिटला होता. दुसरा उघडा होता आणि तिच्याकडंच बघत होता. त्यांनी तलवार खाली आणली असती तर ते आज देवी राहिले असते. लेक समोर आली म्हणून त्यांचा हात थांबला, आणि त्या थांबलेल्या हातानंच त्यांना इथं आणून टाकलं. पूजाला ते कळत होतं. 'सोडा' हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला.

तेवढ्यात पदराचा बोळा भिजून गेला आणि अमोलचं रक्त कोमट होऊन तिच्या बोटांमधून वर आलं. अमोलनं विचारलं, "पूजा, आबांनी का मारलं मला?" लहान मुलासारखं विचारलं.

पूजानं हात आणखी घट्ट दाबले. लंकाबाई थोडा वेळ वाट बघत राहिली. भागीबाई तिचे पाय हलवत होती. आबांचा उघडा डोळा तिच्यावरच होता. पूजानं मान खाली घातली आणि ती अमोलच्या तोंडाकडं बघत बसली.

"आई गप हाय," लंकाबाई मागं वळून म्हणाली.

काठ्यांचे आवाज पुन्हा सुरू झाले, आणि जीप येईपर्यंत पूजानं एकदाही वर पाहिलं नाही.